मायनर लीगमधला आउटफिल्डर कसा बघायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडं माझ्याबद्दल, म्हणजे नंतर कोणी ओरडायला नको. मी काही पगारी स्काउट (क्लबसाठी नवे खेळाडू हेरणारा) नाही, न्यू जर्सीतला एक साधा आयटीवाला आहे आणि उन्हाळ्यात ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सच्या मॅचेसना जाऊन बसतो. ही २०२१ पासून यांकीज या न्यू यॉर्कच्या मोठ्या क्लबची डबल-ए टीम, डबल-ए म्हणजे काय ते पुढे येतंच. ब्रिजवॉटर आपल्या बऱ्याच लोकांना बालाजी मंदिरामुळे माहितीये, तर सकाळी दर्शन, मंदिराच्या कॅन्टीनमध्ये डोसा आणि संध्याकाळी बेसबॉल असा माझा शनिवार असतो. मित्रमंडळी सोबत येतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. क्रिकेट कळतं पण बेसबॉल अर्धवट कळतो अशा माणसाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. आउटफिल्डर म्हणजे मागे, कुंपणाच्या बाजूला उभे राहणारे तीन फिल्डर: लेफ्ट, सेंटर आणि राइट.

मायनर लीग म्हणजे आपली रणजी का?

लोक असंच समजतात पण नाही हो. रणजीत मुंबईला मुंबईसाठी जिंकायचं असतं. इथे मेजर लीगच्या (सगळ्यात वरच्या पातळीच्या) ३० टीम्स आहेत आणि प्रत्येकीच्या हाताखाली चार पायऱ्या, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए, म्हणजे एकूण १२० टीम्स. त्याच्याही खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीग्स आणि डोमिनिकन रिपब्लिकमधली समर लीग. खेळाडूचा करार वरच्या क्लबशी असतो, गावातल्या टीमशी नाही. त्यामुळे आज सॉमरसेट हरली तर गावातले लोक हळहळतात, यांकीजच्या ऑफिसात कोणाची झोप उडत नाही, त्यांना एवढंच बघायचं असतं की पोरगं तयार होतंय का.

हे मुद्दाम पहिलं सांगतोय कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. समोरच्या पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) कदाचित कोचने सांगितलेलं असतं की आज तुझा नवीन चेंजअप (फसवा हळू बॉल) टाकून बघ, मार पडला तरी चालेल. मग त्यावर आपल्या हिरोने होमरन (आपल्याकडचा सिक्सर समजा) मारला तर त्याची किंमत किती धरायची? स्काउट ‘आज काय केलं’ हे बघतच नाही, हाच मुलगा २६ व्या वर्षी यापेक्षा दुप्पट चांगल्या पिचरसमोर काय करेल हे बघतो. आज दिसतंय त्यातून उद्याचं ओळखायचं, बाकी स्कोअरबोर्ड विसरा.

माझ्या मुलाला लिटल लीगमध्ये राइट फिल्डला उभं करतात. म्हणजे तो कच्चा लिंबू आहे का?

हा प्रश्न मला दर एप्रिलमध्ये कोणीतरी आई विचारतेच. खरं सांगू का, आठ वर्षांच्या पोरांमध्ये हो, थोडासा तसाच प्रकार असतो, कारण बहुतेक मुलं उजव्या हाताने मारतात, तिकडे बॉल फारसा जातच नाही, मग जो गवतातली फुलं तोडत बसतो त्याला तिथे पाठवतात. पण व्यावसायिक बेसबॉलमध्ये अगदी उलटं. राइट फिल्डरचा हात तिघांत सगळ्यात दणकट लागतो कारण तिसऱ्या बेसला (रन काढताना गाठायच्या टप्प्यांपैकी एक) पळणाऱ्याला आउट करायचं तर सगळ्यात लांबचा थ्रो त्यालाच करावा लागतो.

थोडक्यात मांडणी अशी: सेंटर फिल्डला पाय लागतात, राइटला हात लागतो, लेफ्टला... लेफ्टला बॅट लागते, म्हणजे हात-पाय बेताचे असतील तरी खपवून घेतात पण मग मारायला पाहिजे. आणि आउटफिल्डरला स्काउट करताना सगळ्यात मोठा प्रश्न हाच असतो की हा सेंटरला टिकेल का. टिकला तर बॅटिंग साधारण असली तरी नोकरी आहे. वय वाढलं, अंग भरलं, वेग गेला आणि कोपऱ्यात (लेफ्ट किंवा राइटला) सरकावा लागला की त्याच बॅटिंगवर घर चालत नाही.

याचं ताजं उदाहरण आमच्याच मैदानावरचं. हासोन डोमिंगेझ, डोमिनिकन रिपब्लिकचा, यांकीजने २०१९ मध्ये ५१ लाख डॉलर देऊन घेतला तेव्हा १६ वर्षांचा होता, टोपणनाव ‘द मार्शियन’ म्हणजे मंगळावरचा प्राणी. सॉमरसेटला तो सेंटर फिल्ड खेळायचा. २०२३ च्या १ सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये मेजरचं पदार्पण आणि बॅटिंगच्या पहिल्याच खेपेला जस्टिन व्हरलँडर या नामांकित पिचरला होमरन! आठ मॅचेसमध्ये चार होमरन झाले आणि मग कोपराचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन. २०२५ मध्ये मात्र तो लेफ्ट फिल्डला दिसला आणि तिथेही धडपडत होता. मायनरमध्ये ‘सेंटर फिल्डर’ लिहिलेलं असतं त्यावर एवढ्यासाठीच पटकन विश्वास ठेवू नये.

ते २०-८० काय असतं? शंभरपैकी मार्क का देत नाहीत?

स्काउट प्रत्येक गुणाला २० ते ८० मध्ये मार्क देतात. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, मायनरमधला नाही, हे लक्षात ठेवा. ६० म्हणजे छान, ७० म्हणजे भारीच, ८० म्हणजे पिढीत दोन-चार. खाली ४० म्हणजे कमी, ३० म्हणजे अवघड आहे. ही पद्धत ब्रँच रिकी या जुन्या जनरल मॅनेजरच्या नावाने सांगतात, त्याचा उल्लेख पुढे परत येणार आहे.

आपल्याकडच्या लोकांना यात एक सवय मोडावी लागते. आपण ५० मार्क म्हटलं की ‘जेमतेम पास’ समजतो. इथे ज्याला सगळ्यात ५० मिळाले तो जगातल्या सर्वोत्तम लीगमध्ये रोज खेळणारा माणूस असतो, आईबापांनी पेढे वाटावेत असा. आणि प्रत्येक गुणाला दोन आकडे असतात, आजचा आणि उद्याचा. १९ वर्षांच्या पोराला बॅटिंगला ३०/५० लिहिलं तर तो अपमान नाहीये.

गुण पाच: बॉलला बॅट लागणं, ताकद, पळणं, फिल्डिंग, हात.

स्टेडियममध्ये कुठे बसायचं? होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे का?

पिचर बघायचा तर मागे. तिथेच रडार गन घेऊन टोप्या घातलेली, सूर्यफुलाच्या बिया चघळणारी मंडळी दिसतील ते खरे स्काउट, त्यांच्याशी गप्पा मारायला जाऊ नका, गेलात तर इनिंगच्या मध्ये जा.

बॅटर बघायचा असेल तर त्याचं तोंड ज्या बाजूला असतं तिकडे बसा. उजव्या हाताने मारणारा असेल तर पहिल्या बेसच्या बाजूला, डावखुरा असेल तर तिसऱ्या. तिथून त्याचे हात कुठून निघतात, पुढचा पाय कधी टेकतो, डोकं हलतं का हे सगळं समोर दिसतं. पाठीमागून बघितलं तर फक्त शर्टवरचा नंबर दिसतो.

आणि लवकर जा. बॅटिंग प्रॅक्टिस बघायला मिळाली तर सोनं. पण त्यात पाच-सहा बॉल कुंपणाबाहेर गेले म्हणून लगेच हुरळून जाऊ नका, ६० मैलाचा सरळ बॉल तर... बरं जाऊदे, मी काही मारू शकणार नाही, पण ही पोरं सगळीच मारतात. प्रॅक्टिसमध्ये ताकद किती आहे ते कळतं, ती मॅचमध्ये वापरता येते का ते नाही.

स्टॉपवॉचने नक्की काय मोजतात?

बॅटला बॉल लागल्याचा आवाज आला की सुरू, पाय पहिल्या बेसला लागला की बंद. अंतर ९० फूट. उजव्या हाताच्या बॅटरला ४.३ सेकंद लागले तर तो सरासरी, डावखुऱ्याला ४.२, कारण तो बेसच्या एक-दोन पावलं जवळ उभा असतो. उजवा ४.० ला पोचला किंवा डावा ३.९ ला, तर तो ८० चा पळणारा, वहीत गोल करा.

फसायच्या जागा मात्र भरपूर आहेत. बंट केला (बॅट नुसती आडवी धरून बॉल हळूच ढकलला) असेल तर वेळ धरू नका कारण तो आधीच पळत सुटलेला असतो. काही डावखुरे स्विंग संपायच्या आतच बॉक्समधून निघतात, तिथेही घड्याळ खोटं बोलतं. बॉल सरळ पिचरच्या हातात गेला आणि पोरगं अर्ध्यात मंदावलं तर ती वेळ फेकून द्या, पण ‘मंदावला’ हे वेगळ्या रकान्यात जरूर लिहा, आणि दोन-तीनदा तेच दिसलं तर अधोरेखित करा. मी फोनवर मोजायचो, अंगठा नेहमी उशिरा पडायचा आणि मला सगळेच विजेसारखे चपळ वाटायचे. शेवटी बटणवालं साधं घड्याळ घेतलं.

वेग असला की झालं ना? चोरेल बेस, पकडेल कॅच.

बिली हॅमिल्टन नावाचा खेळाडू घ्या. २०१२ मध्ये मायनरच्या एका सीझनमध्ये १५५ बेस चोरले (बॉल मारलेला नसतानाच पळून पुढचा बेस गाठला), हा विक्रम. तोपर्यंत शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) होता, मग त्याला सेंटर फिल्डला हलवलं आणि तिथे तो अफलातून निघाला. मेजरमध्ये २०१४ ते २०१७ चार सीझनमध्ये ५६, ५७, ५८, ५९ बेस चोरले, मला हा क्रम फार आवडतो, जणू कोणी जिना चढतोय. पण बॅटिंग ॲव्हरेज (किती खेपांत हिट, म्हणजे बॉल मारून बेस गाठला, त्याचं प्रमाण) त्या चार वर्षांत एकदाही .२६० च्या वर नाही आणि ताकद जवळजवळ शून्य. पहिल्या बेसवर पोचलाच नाही तर दुसरा चोरणार कसा.

शिवाय आता चोरीच्या आकड्यांची किंमतही उतरलीये. चोराला रोखायला पिचरने बेसवर किती वेळा बॉल फेकायचा यावर मर्यादा आली, बेसच्या उशा १५ इंचांवरून १८ इंच झाल्या. त्यामुळे मायनरमधले ४० बेस म्हणजे पूर्वीचे ४० नव्हेत. किती वेळा पकडला गेला आणि सुरुवात कधी करतो ते बघा.

फिल्डिंग कशी बघायची? एकही कॅच सोडला नाही, म्हणजे चांगला ना?

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे कारण हा भाग टीव्हीवर दिसतच नाही, मैदानावरच दिसतो, आणि आपण क्रिकेटवाले इथे नेमके चुकतो. आपल्याला डाइव्ह मारलेला कॅच म्हणजे भारी फिल्डर वाटतो. आउटफिल्डमध्ये बऱ्याचदा डाइव्ह म्हणजे पोरगं उशिरा निघालं होतं. जो खरा चांगला असतो तो तोच बॉल उभ्या उभ्या, सहज, कंटाळल्यासारखा पकडतो आणि लोक टाळ्याही वाजवत नाहीत.

तर करायचं काय? बॉलकडे बघायचंच नाही! बॅटर स्विंग करतो तेव्हा नजर थेट सेंटर फिल्डरच्या पायांवर. आवाज आल्या आल्या पहिलं पाऊल पडलं का? बरोबर दिशेला पडलं का, की आधी पुढे आणि मग ‘अरे बापरे’ करत मागे? डोक्यावरून सरळ मागे जाणारा बॉल सगळ्यात अवघड, त्याची खोली कळत नाही, तिथे चांगला माणूस पाठ फिरवून पळतो, बॉल कुठे पडणार ते मनात ठरवून, आणि शेवटच्या क्षणी वर बघतो. कच्चा माणूस मान वर करून उलटा उलटा पळत राहतो. वाट सरळ आहे की केळ्यासारखी वाकडी, कुंपणाजवळच्या मातीच्या पट्ट्यावर पाय पडला की घाबरतो का, शेजारच्याला ओरडून सांगतो का, हे सगळं लिहून ठेवा.

माझी बायको पहिल्यांदा सोबत आली तेव्हा म्हणाली, “अरे बॉल तिकडे गेला, तू कुठे बघतोयस?” होमरन होता तो. मी सेंटर फिल्डरचे बूट बघत होतो.

हात, म्हणजे थ्रो, मॅचमध्ये एखादाच येतो. मग कसं कळणार?

बरोबर आहे, कधी कधी तीन मॅचेसमध्ये एकही खरा थ्रो नसतो. म्हणून सरावात बघायचं, इनिंगच्या आधी दोन आउटफिल्डर एकमेकांना बॉल टाकतात तेव्हासुद्धा. बॉल छातीच्या उंचीवर सपाट जातो की फुगा होऊन तरंगत जातो, टप्पा पडल्यावर वेग टिकतो का मरतो, आणि मध्ये उभ्या असलेल्या रिले माणसाच्या आवाक्यात येतो का.

यावरची गोष्ट सांगतो, मला ही स्काउटिंगमधली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. १९५४ साल. ब्रुकलिन डॉजर्सने पोर्तो रिकोचा एक १९ वर्षांचा पोरगा मॉन्ट्रियलच्या मायनर टीममध्ये ठेवला होता आणि त्याला फारसं खेळवतच नव्हते, पूर्ण सीझनमध्ये ८७ मॅच, ॲव्हरेज .२५७. नियम असा होता की त्याला मेजरच्या टीममध्ये घेतलं नाही तर सीझननंतरच्या ड्राफ्टमध्ये दुसरी टीम त्याला उचलू शकते. पिट्सबर्ग पायरेट्सचा जनरल मॅनेजर होता तोच आपला ब्रँच रिकी, त्याने क्लाइड सुकफोर्थ नावाच्या स्काउटला पाठवलं होतं मॉन्ट्रियलचा एक पिचर बघायला. सुकफोर्थने मॅचच्या आधीच्या सरावात राइट फिल्डमधून येणारे थ्रो बघितले आणि पिचर राहिला बाजूला. पायरेट्स त्या वर्षी तळाला होते म्हणून ड्राफ्टमध्ये पहिला नंबर त्यांचा, आणि ४,००० डॉलरला त्यांनी तो पोरगा उचलला. रोबर्टो क्लेमेंटे. पुढे १२ गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचं बक्षीस) आणि बरोब्बर ३,००० हिट्स. आकडे बघून कोणी घेतला असता का सांगा.

ठीक आहे, पण शेवटी बॅटिंगच महत्त्वाची ना?

हो. दुर्दैवाने हो. आणि तीच ओळखायला सगळ्यात कठीण, मोठमोठे लोक इथेच तोंडावर पडतात.

मायकेल जॉर्डनचं १९९४ चं वर्ष बघा, बास्केटबॉल सोडून व्हाइट सॉक्सच्या डबल-ए टीममध्ये, बर्मिंगहॅम बॅरन्समध्ये, आउटफिल्डर म्हणून खेळला, मॅनेजर टेरी फ्रँकोना. जगातला सर्वोत्तम ॲथलीट म्हणा ना. सुरुवातीला सलग १३ मॅचेसमध्ये हिट मारली. मग पिचर लोकांच्या लक्षात आलं की याला सरळ बॉल टाकायचाच कशाला, आणि सुरू झाले कर्व्ह आणि स्लायडर, म्हणजे वळणारे बॉल. सीझन संपला तेव्हा १२७ मॅचेस, ॲव्हरेज .२०२, तीन होमरन, ११४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे बॉल हुकणं किंवा चांगला बॉल सोडणं, होऊन आउट). ३० बेस चोरले आणि १८ वेळा पकडला गेला. डबल-ए ही पायरी अशीच आहे, खालच्या लेव्हलला नुसत्या अंगाच्या जोरावर भागतं, इथे समोरचा पिचर विचार करतो. मला तर .२०२ वाचून त्याच्याबद्दल आदरच वाटतो, ३१ व्या वर्षी, इतक्या वर्षांनी बॅट धरून!

तर बघायचं हे की बॉल निघाल्यावर हा काय निर्णय घेतो. ९५ मैलाचा बॉल साधारण ०.४ सेकंदात प्लेटवर पोचतो, त्यातला अर्धा वेळ तर ओळखण्यातच जातो. जमिनीकडे घसरणाऱ्या स्लायडरवर बॅट थांबते का? पुढचा गुडघा आधीच मोडतो का? पहिल्या खेपेला ज्या बॉलवर फसला तोच बॉल तिसऱ्या खेपेला आला तर काय करतो? दोन स्ट्राइक झाल्यावर स्विंग छोटा होतो की तोच लाकूडतोड्या? आउट झाला तरी चालेल, आठ बॉल खेळून, बाहेरचे दोन-तीन नीट सोडून आउट झाला तर मी त्याला फुली मारत नाही.

स्पेन्सर जोन्सला यांकीजने का ठेवलं, एवढे स्ट्राइकआउट होतात तरी?

सॉमरसेटला येणाऱ्या प्रत्येकाचा आवडता प्रश्न. डावखुरा, साडेसहा फुटांपेक्षा उंच, व्हँडरबिल्ट विद्यापीठातून २०२२ च्या ड्राफ्टच्या (क्लब आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती निवड) पहिल्या राउंडमध्ये २५ व्या नंबरला घेतलेला, आणि एवढ्या अंगाचा असून सेंटर फिल्डला खरोखर पळतो, हे दृश्य बघायला तरी एकदा जायला हवं होतं तुम्ही. २०२४ चा पूर्ण सीझन डबल-एमध्ये काढला आणि २०० स्ट्राइकआउट. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर वाट लागली. लोक म्हणाले संपला. २०२५ मध्ये डबल-ए आणि ट्रिपल-ए मिळून ३५ होमरन, पण स्ट्राइकआउट तरीही १७९.

इथे स्काउटला विचारायचा प्रश्न ‘किती’ हा नाही, ‘कुठे’ हा आहे. बॉल झोनच्या (मारण्याजोग्या चौकटीच्या) बाहेर असताना हवेत बॅट फिरवतोय तर तो निर्णयाचा दोष, वयाबरोबर सुधारू शकतो. बॉल झोनच्या आत, खेळण्यासारखा आणि तरी चुकतोय तर मामला गंभीर, कारण हात लांब, स्विंगचा घेर मोठा, आणि ते शरीर काही बदलता येत नाही. जोन्सचा दोष बराचसा दुसऱ्या प्रकारचा, असं माझं मत, माझ्या मताला कोणी पगार देत नाही हेही खरं. लोक लगेच ॲरन जजचं नाव घेतात, तोही प्रचंड उंच, तोही यांकीजचा, २०१६ मध्ये आला तेव्हा पहिल्याच खेपेला होमरन आणि मग २७ मॅचेसमध्ये ४२ स्ट्राइकआउट, ॲव्हरेज .१७९. पुढच्या वर्षी ५२ होमरन आणि सर्वोत्तम नवोदित. पण जजसारखं झालेलं एक नाव सांगताना तसेच उंच, तसेच ताकदवान आणि गायब झालेले कितीजण होते ते कोणी मोजत नाही ना.

बुटका आहे म्हणून घेणार नाहीत का?

घेतात हो. मुकी बेट्स, जेमतेम पावणेसहा फूट, २०११ मध्ये पाचव्या राउंडला १७२ वा. तेव्हा तो इन्फिल्डर (बेसजवळचा फिल्डर) होता, बॉस्टनमध्ये सेकंड बेसवर पेड्रोइया पक्का बसलेला म्हणून २०१४ मध्ये आउटफिल्डला पाठवलं, २०१८ ला एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू). स्टीव्हन क्वान, तोही पाचव्या राउंडचा, तोही ठेंगणा, ताकद बेताची पण बॉल चुकतच नाही, आणि पहिल्या तिन्ही सीझनला लेफ्ट फिल्डचं गोल्ड ग्लव्ह. बुटक्याला फक्त पुरावा जास्त द्यावा लागतो. उंच पोराला ‘पुढे ताकद येईल’ म्हणून उधारी मिळते, बुटक्याला रोख.

नुसते आकडे बघून घरबसल्या ठरवता येत नाही का?

येतं, थोडंफार. मी आधी वय बघतो. २० वर्षांचा डबल-एमध्ये .२५० मारतोय तो मला २५ वर्षांच्या .३१० वाल्यापेक्षा जास्त आवडतो. रोनाल्ड अकुन्या २०१७ मध्ये १९ वर्षांचा होता, एकाच सीझनमध्ये हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए चढला आणि प्रत्येक पायरीवर ॲव्हरेज वाढत गेलं. असं दिसलं की बाकी काही बघू नका, जर्सी विकत घ्या. व्हेनेझुएलाहून फक्त एक लाख डॉलरमध्ये आणला होता त्याला.

मग मैदान बघतो. आल्बुकर्की हे शहर समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर आहे, हवा विरळ, बॉल नुसता उडतो, तिथले ३० होमरन म्हणजे दुसरीकडचे ३० नाहीत. मुंबईत कांगा लीगच्या पावसातल्या, ओल्या विकेटवरच्या ४० रन्सची किंमत जुन्या लोकांना विचारा, तसंच हे, फक्त उलट्या बाजूने.

मग वॉक (चार बॉल बाहेर पडले की फुकट मिळणारा पहिला बेस) आणि स्ट्राइकआउटचं प्रमाण, आणि बॉल किती जोरात मारतो ते, ९५ मैलाच्या वर गेला की त्याला जोरदार धरतात. हे आकडे ट्रिपल-एचे आणि फ्लोरिडातल्या सिंगल-एचे सगळ्यांना बघायला मिळतात, मधल्या दोन लेव्हलचे मिळत नाहीत. म्हणजे नेमकं आमच्या डबल-एत जाऊन डोळ्यांनीच बघावं लागतं, मला तेवढंच निमित्त.

स्काउट चुकतात का?

रोज. माइक ट्राउट, या काळातल्या सर्वोत्तम आउटफिल्डरपैकी एक, आमच्या न्यू जर्सीचाच, दक्षिणेकडच्या मिलव्हिल गावचा. २००९ च्या ड्राफ्टमध्ये २५ वा गेला. इथे मार्च-एप्रिलमध्ये हाडं गोठवणारी थंडी, शाळांच्या मॅचेस कमी, कॅलिफोर्निया-फ्लोरिडाच्या पोरांशी तुलना कशी करणार. गंमत म्हणजे त्याला घेणाऱ्या एंजल्स क्लबकडे २४ आणि २५ असे लागोपाठ दोन नंबर होते आणि २४ व्याला त्यांनी दुसरा आउटफिल्डर, रँडल ग्रिचक, घेतला. तोही मेजरमध्ये बरीच वर्षं खेळला, म्हणजे निवड चूक नव्हतीच, पण ट्राउट तो ट्राउट.

मी स्वतः एकदा एका पोराच्या नावापुढे ‘हा नक्की’ असं लाल शाईत लिहिलं होतं कारण त्या शनिवारी त्याने दोन होमरन मारले. दोन वर्षांत बेसबॉल सोडून गेला. वही अजून आहे.

या पोरांना पगार काय मिळतो?

२०२३ मध्ये पहिल्यांदा मायनरच्या खेळाडूंचा युनियन करार झाला तेव्हा वर्षाचा किमान पगार ठरला डबल-एला ३०,२५० डॉलर आणि ट्रिपल-एला ३५,८००. त्याआधी तर हाल होते, एका फ्लॅटमध्ये सहा-सहा जण. आता राहायची सोयही क्लब करतो. त्यामुळे सही मागायला जाताना ‘करोडपती आहेत’ असं समजून जाऊ नका, करोडपती दोन-तीनच असतात, बाकीच्यांचा पगार तुमच्या फ्रेशर इंजिनियरपेक्षा कमी.

आपल्यातलं कोणी आहे का?

आउटफिल्डर म्हणाल तर सांगण्यासारखं नाव माझ्याकडे नाही. २००८ मध्ये टीव्हीवरच्या एका स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, पायरेट्सने घेतले, पण ते पिचर. २०२३ मध्ये टोरोंटोने पहिल्या राउंडला अर्जुन निम्माला घेतला, घरचे मूळ भारतातले, तो शॉर्टस्टॉप. आपली पोरं क्रिकेटमुळे कॅचला आणि थ्रोला बरी असतात असं मला लिटल लीगमध्ये दिसतं, पण बॅट उभी धरायची सवय मोडता मोडता वर्ष जातं.

रिपोर्ट लिहायचा कसा?

माझा नमुना देतो, नाव काढून: “सेंटर. २१. उजवा. पहिलं पाऊल उत्तम, मागच्या बॉलवर खात्रीचा. ४.१५, ४.१८. हात ४५, अचूक. स्लायडर बाहेरचा तीनदा सोडला, दोनदा फसला. आतल्या वेगवान बॉलवर उशीर. ताकद लेफ्टकडे ओढून मारतानाच. टिकला तर सेंटरमुळे टिकेल, चौथा (राखीव) आउटफिल्डर, बॅट सुधारली तर रोजचा.” एवढंच. ‘टॅलेंटेड’, ‘हार्डवर्किंग’ असले शब्द लिहू नका, त्यातून काही कळत नाही.

मग कधी जाऊ?

सिरीज मंगळवार ते रविवार अशी असते, सहाच्या सहा मॅचेस एकाच टीमशी, त्यामुळे एक पोरगं नीट बघायचं तर मंगळवारी एकदा आणि शनिवारी एकदा जा, मधल्या दिवसांत पिचर लोकांनी त्याचं कच्चं काय ते शोधलेलं असतं आणि त्याने त्यावर काय केलं ते शनिवारी दिसतं. एप्रिलमध्ये जाकीट न्या, खरंच न्या. सोमवारी सुट्टी असते, मी एकदा दोन पाहुण्यांना घेऊन गेलोय आणि रिकामं पार्किंग दाखवून परत आणलंय.